नाव नसलेलं पातेलं

सीताफळाला डोळे असतात. कच्चं असताना ते घट्ट मिटलेले असतात, एकाला एक चिकटून. मग पाऊस उघडतो, सकाळी डोंगरावर धुकं उतरायला लागतं आणि दोन डोळ्यांमधली हिरवी रेघ हळूहळू पांढुरकी होते, रुंदावते. आमच्याकडे म्हणतात, फळानं डोळा उघडला. उघडला की तोडायचं, भुसकटात घालायचं आणि विसरून जायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वासच आठवण करून देतो. ओसरीला येतो, पांघरुणाला येतो, मांजरालासुद्धा येतो.

यंदा पावसानं फार धिंगाणा घातला, तरी डोंगरातली झाडं आपल्या वेळेला जागी झाली. सकाळी ओसरीवर बसले की तो वास येतो आणि मला वय राहत नाही. गुडघे तेवढे सांगत राहतात, पण त्यांचं मी ऐकत नाही. त्या वासाबरोबर एक तेवीस वर्षांची बाई दारातून आत येते. नाक वर, पदर खोचलेला, सातवी पास. ती मी. तिला बघून मला आधी हसू येतं. मग वाटतं, हिला जरा जवळ बसवून घ्यावं. पण ती बसायची नाही. तिला फार कामं असायची, आणि निम्मी तिनं स्वतःच काढलेली असायची.

धारूरच्या अलीकडे डोंगराच्या कडेला आमची वाडी. तीसेक घरं. त्यांतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. त्याचा मला इतका ताठा की पुडीचा कागदसुद्धा मी मोठ्यानं वाचायची. ऐकायला कुणी नसलं तर शेळीला ऐकवायची. लग्नात वडिलांनी स्टीलची पाच भांडी दिली होती आणि प्रत्येकावर मशीननं नाव घालून घेतलं होतं, ‘सौ. कौसल्या’. ठिपक्याठिपक्यांचं नाव. आडावरून कळशी आणताना ती अशी धरायची, की नाव लोकांकडं यावं. लोकांना वाचता येत नाही, हे माझ्या सातवी पास डोक्यात कधी आलं नाही.

दसरा झाला की आमची वाडी ऊस तोडायला निघते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. त्या वर्षी आमचा कोयता अर्धाच निघाला, कारण माझ्या तीन वर्षांच्या सुमनला गोवर निघाला होता. यांनी पुढं जाऊन उसाच्या फडाजवळ राहायला कोपी उभी करायची, मी आठ दिवसांनी पोरीला घेऊन मागून जायचं, असं ठरलं. निघायच्या सकाळी मी भांडले. कशावरून, तर डब्यावरून. माझा नावाचा डबा कोपीत गेला पाहिजे, तिथल्या बायकांना दिसला पाहिजे.

हे म्हणाले, “वर पाचटाचं छप्पर आन् आत स्टीलचा डबा. हसतेल की लोकं.”

मी रुसले. डब्यात भाकरी आणि ठेचा भरला, त्यांच्या वळकटीत मुद्दाम खोल खुपसला आणि चुलीकडं तोंड करून बसले. बाहेर ट्रकचा आवाज झाला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा झाला. “येतो गं,” असंही ऐकू आलं. मी वळले नाही. म्हटलं, आठ दिवसांनी कोपीवर समजूत काढायला लावीन, तेव्हा वळीन.

दुपारी घाटात ट्रक उलटला.

आमच्या वाडीतली सहा माणसं गेली. त्यात हे होते. दरीत पडलेला डबा कुण्या अनोळखी माणसानं उचलला, वरचं नाव वाचलं आणि ‘कौसल्या कोण, कौसल्या कोण’ विचारत डोंगर चढून आमच्या दारात आणून दिला. एका बाजूनं चेपलेला, पण झाकण घट्ट. आत भाकरी तशीच. तो माणूस काय बोलला, ते आठवत नाही. त्याच्या पायाला चप्पल नव्हती, एवढं आठवतं.

त्या दिवसांना कडा नाहीत. धुक्यातून झाडं दिसावीत तसे ते दिसतात, बुंधा नाही आणि शेंडाही नाही. ज्या घरातलं माणूस जातं, तिथं चूल पेटत नाही. शेजारी, सोयरे कडू घास घेऊन येतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. पण तीस घरांत सहा सुतकं, आणि उरलेली घरं ह्या नाहीतर त्या नात्यानं भाऊबंदच. कुणी कुणाला घास आणायचा? तरी तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर बसले होते आणि डोळ्यांपुढं असं दिसलं, की खालच्या पायवाटेनं भांडी चढून येतायत. माणसं नाहीत, नुसती भांडी. दुरड्या, डबे, पातेली, कळश्या. उन्हात चमकत, वळणावर लपत, पुन्हा दिसत. डोक्यांवर भांडी घेतलेल्या बायका मला मागाहून दिसल्या. खालच्या गावाच्या, शेजारच्या वस्त्यांवरच्या. काही तर अशा, की ज्यांच्याशी आडावर माझं कधी धड बोलणं नव्हतं. एकीच्या म्हशीला मी आदल्याच महिन्यात दगड मारला होता. तीही होती. तिनं पिठलं आणलं होतं आणि माझ्यापुढं ताट करून म्हणाली, “खा. म्हशीचं नंतर भांडू.”

पिठलं, भाकरी, पुन्हा पिठलं, पुन्हा भाकरी. सुमनच्या घशाखाली त्यातलं काही उतरेना. गोवर ओसरला होता, पण तोंड आतून सोललेलं. ती घास थुंकायची आणि माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, भिंतीला टेकून कुठंही न बघता बसलेल्या असायच्या. त्यांचा एकुलता एक लेक गेला होता. अशात त्या भांड्यांच्या गर्दीत एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं दिसलं. एक कान तुटलेला, बुडाला पोचा. कुणी ठेवलं, कुणी बघितलं नाही. झाकण काढलं तर आत ज्वारीच्या कण्या. मऊसूत, ताकातल्या, कोमट. सगळ्यांना आमचं दुःख दिसलं होतं. ह्या एका बाईला पोरीचा घसाही दिसला होता. सुमननं बोटानं चाटून बघितलं आणि मग वाटीभर खाल्लं. उरलेलं मी आणि आत्याबाईंनी खाल्लं. पातेलं खरवडल्याचा आवाज झाला, तेव्हा कळलं की आम्हाला भूक होती.

त्यावर नाव शोधलं. नव्हतं.

पुढं सुमनला त्या पातेल्याचा नाद लागला. भुसकटातली सीताफळं पिकली होती. ज्यांनी घातली, ते नव्हते, पण फळांना कोण सांगणार? ती सीताफळ खायची आणि एकेक बी त्या पातेल्यात थुंकायची. टण्ण. स्टीलमध्ये असा आवाज येत नाही. तो आवाज ऐकून ती खुदकन हसली. त्या घरात मला वाटतं ते पहिलं हसू.

तेरावं झालं. माणसांची ये-जा कमी झाली. भांडी मात्र राहिली. उतरंडीपाशी, कोनाड्यात, बाजेखाली. कुणी न्यायलाच येईना. आणि इथं आमची सातवी पास बाई उठली. तिला वाटलं, ही भांडी आपल्याकडं बघतायत. प्रत्येक भांडं म्हणतंय, आम्ही तुला जेवू घातलं. तिला कुणाचं काही ठेवून घ्यायचं नव्हतं. शिवाय तिच्या डोक्यात एक वेडं गणित पक्कं बसलं होतं. डब्यावर नाव होतं, म्हणून डबा घरी आला. म्हणजे नाव असलेली वस्तू नावाच्या घरी गेलीच पाहिजे. माणूस नाही येत, तर निदान भांडी तरी जावीत.

मी सगळी भांडी राखेनं घासली, अशी की त्यात तोंड दिसावं. रिकामं भांडं परत देऊ नये, एवढी रीत मला ठाऊक होती. म्हणून प्रत्येकात दोन-दोन सीताफळं घातली. शेजाऱ्याचं गाढव मागून आणलं, दोन्ही बाजूंना पोती लावली आणि निघाले. खालच्या गावात, वस्त्यांवर दारोदार थांबून मी भांडं काढायची, नाव मोठ्यानं वाचायची आणि उंबऱ्यावर ठेवायची. सुतक फिटून चार दिवस झाले नव्हते, कपाळ मोकळं, आणि मी पाढे म्हणावेत तशी लोकांची नावं म्हणत फिरत होते. आता आठवलं की वाटतं, त्या गाढवालाच माझी जास्त लाज वाटली असणार. ते सारखं मान खाली घालत होतं.

म्हशीवाली दारातच होती. तिनं डबा हातात घेतला, उघडला, सीताफळं बघितली.

“आमी येनारच होतो की,” ती म्हणाली. “येवडी काय घाई होती तुला?”

“न्हाई, म्हणलं तुमची अडचण नको.”

“अडचण,” ती म्हणाली, आणि डबा घेऊन आत गेली. म्हशीचं भांडणसुद्धा काढलं नाही.

दुसऱ्या एका दारात एक म्हातारबा होते. म्हणाले, “ठिव तितं.” माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, लोकांना माझा शहाणपणा झेपत नाहीये. संध्याकाळच्या आत सगळी पोती रिकामी करून मी घरी आले. हलकं वाटत होतं. इतकं हलकं की अंगात वारा शिरल्यासारखं.

मग कुणी आलं नाही.

एक दिवस गेला, दोन गेले. आठवडा गेला. वाटेवर कुत्रं भुंकलं की मी दाराशी जायची. उरलेली घरं ऊसतोडीला निघून गेली होती, कारण पोट कुणाचं थांबत नाही. वाडीत म्हातारी माणसं आणि आम्ही. धुकं यायचं, जायचं. सीताफळं झाडावरच फुटायची आणि खाली पडायची, धप्प, धप्प, जणू कुणीतरी चालत येतंय. कुणी नसायचं.

एका दुपारी आत्याबाई बोलल्या. त्या दिवसांत त्या फार बोलत नव्हत्या, त्यामुळं मी दचकले.

“भांडी कावून दिलीस गं परत?”

“लोकांची होती, आत्याबाई.”

“लोकांचीच होती. दुखवट्याच्या घरानं भांडं न्हेऊन द्यायचं नसतं, बाई. ज्याचं त्यानं यायचं असतं न्यायला. रिकाम्या हातानं कसं यावं, काय बोलावं, माणसाला सुधरत न्हाई. मग म्हणायचं, आमचा डबा राहिला वाटतं. आन् टेकायचं. त्यासाठी तर ठिवून जात्यात.” त्या जरा थांबल्या. “तू समद्यांची येण्याची वाट बंद केलीस.”

मी चुलीकडं तोंड करून बसले. ह्या वेळी रुसून नाही.

फळीवर एकच भांडं उरलं होतं. नाव नव्हतं म्हणून मला परत करता आलं नव्हतं, तुटक्या कानाचं ते पातेलं. मी रोज ते पुसून ठेवायची. गंमत बघा. ज्या बाईला कुणाचं काही ठेवून घ्यायचं नव्हतं, ती आता रोज मनात म्हणायची, हे तरी कुणीतरी मागायला या.

आणि एका सकाळी अंगणात सरपणाची मोळी टेकल्याचा आवाज झाला. काटक बाई, पन्नाशीची. खालच्या गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली धुरपतामाय. आमच्या डोंगराच्या माथ्यावरनं लाकडं न्यायची, एवढीच ओळख. ती ओसरीवर चढली नाही, अंगणातच बसली.

“एक जर्मनचं पातेलं राहिलंय का वो इतं?”

मी धावत फळीपाशी गेले. पातेलं घेऊन आले. आणि तिच्या हातात द्यायच्या ऐवजी ओसरीच्या कडेवर ठेवलं.

माझ्या तरुणपणाच्या सगळ्या गोष्टींची मी थट्टा करते. शेळीची, गाढवाची, डब्याची. ह्या एका गोष्टीची करता येत नाही. कुणी सांगितलं नव्हतं मला, हात आपोआप तसा गेला. पोटात तिच्या कण्या गेल्या होत्या, आणि हात तिच्या हाताला लागायला तयार नव्हता. तिनं बघितलं. तिच्या नजरेतून सुटण्यासारखं ते नव्हतं.

मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “यावर नाव न्हाई. म्हणून देता आलं न्हाई मला.”

“नाव घातल्याली दोन हायत माज्याकडं,” ती शांतपणे म्हणाली. “मुद्दाम हे काढलं. पोरगीचं तोंड आल्यालं आयकलं होतं. नाव वाचलं असतं तुमी, मास्तरीणबाई, तर तुमच्या आत्याबाईनं घास घेतला असता का?”

 सगळी माणसं सारखी, असं सातवीपर्यंत ह्याचं उत्तर शिकवलं होतं, मी पाठही केलं होतं. दाराआड आत्याबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या, खांबाला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी वाईट होणार.

“कण्यात मीठ कमी होतं,” आत्याबाई म्हणाल्या.

त्यांची नजर ओसरीच्या कडेवरच्या पातेल्यावर होती.

“पुढच्या बारीला जरा जास्त घाल.”

धुरपतामाय त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिचं तोंड एका बाजूनं हसलं. “पोरीचं तोंड सोललं होतं, आक्का. मीठ झोंबलं असतं तिला.”

आत्याबाई खाली बसल्या आणि लेक गेल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. सीताफळं पडतात तसं, धप्पदिशी सगळं खाली आलं. मी अंगणात उतरले, धुरपतामायचा हात धरून तिला ओसरीवर आणलं. उशीर झाला होता, पण आणलं. पातेलं तिच्या हातात दिलं. तिनं ते बाजूला ठेवलं.

“आज मोळी हाय माज्याकडं,” ती म्हणाली. “पुढच्या बारीला न्हेते.”

पुढच्या बारीलाही तिच्याकडं मोळी होती. त्याच्या पुढच्या बारीला पाय दुखत होता. मग एकदा म्हणाली, आज वार बरा नाही. किती वर्षं ती ते पातेलं न्यायला येत राहिली. माझ्या ऊसतोडीच्या वर्षांत, सुमनच्या शाळेच्या वर्षांत, आत्याबाईंच्या शेवटच्या दुखण्यात. प्रत्येक वेळी दारातून तेच. “पातेलं हाय न्हवं?” मी म्हणायची, “हाय.” ती म्हणायची, “मग बसते जरा.” आत्याबाईंना तिनं मिठाच्या कण्याही करून घातल्या. त्यांनी त्यातही खोड काढली.

ती गेली तेव्हा मी तिच्या घरी कण्या घेऊन गेले. माझ्या चेपलेल्या डब्यात. त्यावर अजून ‘सौ. कौसल्या’ आहे. मशीननं घातलेलं नाव पुसता येत नाही, आणि त्यातलं ‘सौ.’ही नाही. तो डबा मी मुद्दाम विसरून आले. मग बरेच दिवस तिच्या सुनेकडं तो मागायला जात राहिले.

यंदा पावसात खालच्या गावाच्या ओढ्याला पूर आला. एक तरणा माणूस गुरं सोडवायला गेला आणि गुरं तेवढी परत आली. त्याची बायको शीतल. डी.एड. झालेली, खासगी शाळेत शिकवते. गावानं काही कमी केलं नाही. पोरांनी गाड्या भरून जेवण आणलं, पाकिटं, चकाकत्या कागदाचे डबे, पाण्याच्या बाटल्या. मनापासून केलं, खोटं कशाला बोलू? मी कण्या शिजवायला घेतल्या. सुमनची लेक पल्लवी अंबाजोगाईला कॉलेजात आहे, शनिवार-रविवार माझ्याकडं असते. ती म्हणाली, “आज्जी, पार्सलच्या डब्यात दे ना. खाल्लं की फेकून देता येतो. परत आणायची कटकट नाही.”

“त्या कटकटीसाठीच तर देतात,” मी म्हटलं, आणि फळीवरचं पातेलं काढलं.

तेराव्यानंतर पाचव्या दिवशी शीतल माझ्या ओसरीपुढं उभी. एवढा चढ चालत आली होती. हातात पातेलं. घासून असं केलेलं, की जन्मात कधी नव्हतं इतकं चकचकीत. आत चार सीताफळं. डोळे कोरडे, आणि नाक वर. ते नाक मी ओळखते.

“आजी, तुमचं पातेलं. कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही मला.”

एवढ्या वर्षांत ते पातेलं मी कुणाला दिलं नव्हतं. ते घ्यायला हात पुढं झालाही होता. मग आवरला.

“माजं न्हाई ते.”

“तुम्हीच तर आणलं होतं.”

“आणलं मी. माजं हाय असं कुठं म्हणलं? तू शिकल्याली हायस, वाच की. नाव हाय का माजं?”

तिनं ते फिरवून बघितलं, उलटं करून बघितलं. सीताफळं ओसरीवर घरंगळली. “नाहीये,” ती म्हणाली.

“मग? ज्याचं आसंल ते येतील न्यायला. तवर तुज्याकडं ठिव.”

“पण कोण येणार?”

“ते मी काय सांगू, बाई?”

ती पातेलं छातीशी धरून उतरत गेली. वळणावर ते एकदा चमकलं. दाराआडून पल्लवी म्हणाली, “आज्जी, किती खोटं बोलतेस.” मी म्हटलं, “लई.” आणि फळीवर जिथं ते असायचं, तिथला गोल डाग बघत बसले. माझं घर एकदम मोठं वाटायला लागलं.

चार दिवस मी कसेबसे काढले. पाचव्या दिवशी काठी घेतली, पदरात चांगली डोळे उघडलेली दोन फळं बांधली आणि डोंगर उतरले. गुडघ्यांनी फार आरडाओरडा केला. शीतल दारात बसली होती, हात मांडीवर पडलेले, समोरच्या वाटेवर नजर. पाटीवर पाटी ठेवावी तसा तो चेहरा माझ्या जुन्या चेहऱ्यावर नेमका बसत होता.

“पातेल्याचं कुणी आलतं का गं?”

“नाही आलं.”

“मग बसते जरा.”

मी उंबऱ्यावर बसले. काठी भिंतीला टेकवली. मग तिनं विचारलं, “आजी, कुणीच नाही आलं तर?”

“तर मला सारकं बगाया यावं लागंल. माज्या गुडघ्यांची काळजी तूच कर आता.”

तिनं माझ्याकडं बघितलं.  मग उठून आत गेली, पातेलं घेऊन आली आणि दोघींच्या मध्ये ठेवलं. मी पदर सोडला, एक फळ फोडलं, अर्धं तिला दिलं. पांढऱ्या गरातून काळं बी जिभेवर येतं, ते दातानं सोडवायला लागतं, घाई करून चालत नाही. आम्ही दोघी तेच करत बसलो. तिचं नाक अजून वरच होतं, पण त्यातून पाणी गळत होतं. ते तिनं पदरानं पुसलं, ओणवी झाली आणि पहिलं बी पातेल्यात टाकलं.

टण्ण.